ज्येष्ठमध की सुंठ? खोकल्यासाठी घरात काय ठेवावं

कोल्हापुरात पाऊस लागला की पंधरा दिवसांत घराघरातून खोकल्याचे आवाज यायला लागतात. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, आणि काष्ठौषधीच्या दुकानात ज्येष्ठमध नि सुंठ मागणाऱ्यांची गर्दी होते. बरेच जण दोन्ही घेतात आणि एकाच पातेल्यात उकळतात. पण दोन्हींची कामं वेगळी आहेत, आणि ज्येष्ठमधाचा जो धोका आहे तो सुंठीत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दोनच गोष्टी बघा: खोकला कोरडा आहे की कफाचा, आणि घरात बीपीची गोळी कोण घेतं.

कोरड्या खोकल्याला आणि खवखवणाऱ्या घशाला ज्येष्ठमध जास्त चांगलं. कांडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा अडकित्त्याने कातरा. वरची साल करडी, सुरकुतलेली असते, आत पिवळे दोरे. दाढेखाली धरला की आधी मातकट लागतं, मग गोडी सुटते आणि बराच वेळ जात नाही. ही गोडी साखरेची नसते, ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची असते. ते साखरेच्या 30 ते 50 पट गोड आहे. तुकडा चघळताना तोंडाला पाणी सुटतं, घशावर बुळबुळीत थर बसतो आणि ढास थांबते. मी भजनाला बसते. पेटी जुळवून होईपर्यंत माझ्या दाढेखाली तुकडा असतो, आणि वरच्या पट्टीतला अभंग म्हणताना त्याचा फरक मला नक्की जाणवतो. यात नुसता आमचा भजनी मंडळाचा अनुभव नाही. ऑपरेशनच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालतात, त्याने नंतर घसा दुखतो. आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर ते दुखणं कमी होतं, असं रुग्णांवरच्या चाचण्यांत दिसलेलं आहे.

सुंठीचं काम उलट आहे. ती घसा मऊ करत नाही, तिखटपणाने नाक-घसा मोकळा करते. आलं वाळलं की त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचा काही भाग शोगाओल होतो, आणि शोगाओल जास्त जहाल. म्हणूनच ओल्या आल्यापेक्षा चिमूटभर सुंठ जास्त झोंबते. नाक चोंदलंय, छातीत कफ घुरघुरतोय, अंग मोडून आलंय, तेव्हा सुंठ-गुळाची गोळी नाहीतर सुंठीचा काढा घ्यावा. गूळ आपल्याकडे चांगला मिळतोच. मात्र कोरड्या, सोललेल्या घशावर सुंठ नको, आग होते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनीही बेतानंच घ्यावी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज काढा पिऊ नये.

आता बीपीचं. माझ्या आत्याला दोन वर्षांपूर्वी कोरडा खोकला लागला. ताप नाही, कफ नाही, नुसती ढास. तिने ज्येष्ठमध चघळायला सुरुवात केली, बरं वाटलं म्हणून सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा चूर्णही मधातून घ्यायला लागली. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "अगं मुळी हाय ती, त्यानं काय हुतंय?" महिन्याभराने पायाला सूज आली. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. दाब मोजला तर कधी नव्हे इतका वर. डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांची पाकिटं बघितली आणि दोन गोष्टी सांगितल्या. खोकला बीपीच्या गोळीमुळेच येत होता. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो. आणि त्या खोकल्यावर जे घेत होती, त्यानेच दाब वाढत होता. गोळी बदलून दिली, ज्येष्ठमध बंद केलं. तीन आठवड्यांत खोकला गेला, सूजही उतरली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तिथे निष्प्रभ करत असतं. ग्लिसरायझिन त्या विकराला अडवतं. मग कॉर्टिसॉलमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. दाब वाढतो, सूज येते, स्नायू गळतात, कधी हृदयाचे ठोके चुकतात. युरोपातल्या अन्नसुरक्षेच्या तज्ज्ञांनी दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसरायझिनची मर्यादा सांगितली आहे. मुळीत ते किती असेल हे मुळीगणिक बदलतं. 4 टक्के धरलं तर अडीच ग्रॅम चूर्णातच, म्हणजे साधारण एका चमच्यात, ती मर्यादा संपते. आत्या त्याच्या दुप्पट घेत होती.

तेव्हा बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार, पोटातलं पाणी काढायची किंवा लघवी होण्याची गोळी, डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी, यातलं काही असेल तर ज्येष्ठमध नकोच. गरोदरपणातही नको. बाकी निरोगी माणसाने दिवसाला एक-दोन तुकडे चघळले, चार-पाच दिवसांत थांबवले, तर काळजीचं कारण नाही.

वेखंडाबद्दलही विचारतात, विशेषतः बाळ असलेल्या घरात. सहाणेवर उगाळून चाटवायची जुनी पद्धत आहे. माझं मत स्पष्ट आहे: पोटात देऊ नका. त्यातल्या बीटा-असारोन या घातक द्रव्यामुळे अमेरिकेने 1968 सालीच ते खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी केली. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलंही चाटण मधातून देऊ नये, मधातून बॉट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो.

घेताना ज्येष्ठमधाची कांडीच घ्या, तयार चूर्णात काय मिसळलंय ते कळत नाही. गुंजेची मुळंही ज्येष्ठमध म्हणून खपवली जातात. कांडी मोडून बघा, आतून पिवळी हवी आणि चवीला रेंगाळणारी गोडी हवी. सुंठ पांढरीशुभ्र दिसली तर बहुधा चुना लावलेला असतो. मळकट, तपकिरी, वासाला झणझणीत अशी घ्या आणि घरीच खलबत्त्यात कुटा.

दम्याचा पंप चालू असेल तर तो यातल्या कशासाठीही बंद करू नका. श्वास लागत असेल, थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, तर काढ्यात दिवस घालवू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या खोकल्याला क्षयासाठी थुंकीची तपासणी हवीच. ती सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते.

एकच घ्यायचं असेल आणि घरात म्हातारी माणसं असतील, तर मी सुंठ घेईन. आत्याच्या फडताळात आता सुंठीचीच बरणी आहे. ज्येष्ठमधाच्या कांड्या मी माझ्या भजनाच्या पिशवीत ठेवते.