आधी एकट्याने पुढे जायचं, की सोलापुरात राहूनच बायकोची फाइल चालवायची?

नवरा अमेरिकन नागरिक, बायकोकडे भारतीय पासपोर्ट आणि दोघांचाही मुक्काम सध्या सोलापुरात. आई-वडिलांसाठी मुलगा परत आला, इथेच लग्न झालं, आणि आता पुन्हा तिकडे जायचं घाटतंय. अशी दोन-तीन घरं तर माझ्या ओळखीतच आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. नवऱ्याने आधी पुढे जाऊन नोकरी-घर लावायचं आणि तिकडून बायकोच्या इमिग्रंट व्हिसाचं बघायचं, की इथेच एकत्र राहून फाइल शेवटपर्यंत न्यायची? मीही असाच एक नवरा, आणि मी इथे राहिलो. त्यामुळे माझा काटा थोडा इथे राहण्याकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

स्पॉन्सरकडे, म्हणजे बायकोसाठी अर्ज करणाऱ्या नवऱ्याकडे, नुसतं ग्रीन कार्ड असेल तर मात्र हा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच. ग्रीन कार्डवाल्याने सोलापुरात बस्तान बसवलं तर आधी त्याचंच कार्ड धोक्यात येतं. वर बायकोची फाइल कोट्याच्या रांगेत, एफटूए या ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायको-मुलांसाठीच्या वर्गात जाते. नागरिकाच्या बायकोला ती रांग नसते.

अर्ज कुठून केला याने वेगात काही फरक पडतो असं मला तरी जाणवलं नाही. फेब्रुवारी २०२० पासून यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, परदेशातली कार्यालयं नेहमीचे आय-१३०, म्हणजे बायकोसाठी नवऱ्याने भरायचे पहिले अर्ज, स्वीकारत नाहीत, तेव्हा दिल्लीला गेलं की काम पटकन होतं ही जुनी समजूत सोडून द्या. ऑनलाइन भरलात तर ६२५ डॉलर आणि कागदावर भरलात तर ६७५, हे एप्रिल २०२४ पासूनचे दर. सोलापूरचा पत्ता टाकूनही ऑनलाइन अर्ज व्यवस्थित जातो. सोबत बायकोच्या माहितीचा आय-१३०ए फॉर्म लागतो, पण ती अमेरिकेबाहेर असेल तर त्यावर तिच्या सहीचीही गरज नसते. खरा फरक पडतो तो पुढे, कागद गोळा करताना.

पुढे जाण्याच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत, आणि त्या मी नाकारत नाही. तिकडे पगार सुरू झाला की आय-८६४ साठी, म्हणजे बायकोच्या खर्चाच्या हमीपत्रासाठी, दुसऱ्या कुणाकडे हात पसरावा लागत नाही. दोघांच्या कुटुंबासाठी अमेरिकेच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं असतं, २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ते वर्षाला साधारण साडेसव्वीस हजार डॉलर होतं. तेवढं तिकडच्या कुठल्याही बऱ्या नोकरीत होतं. दुसरी गोष्ट डोमिसाइलची, म्हणजे स्पॉन्सरचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत असण्याची. माणूस तिथेच राहतोय म्हटल्यावर तो प्रश्नच उरत नाही. कागदावर पाहिलं तर ही वाट सरळ दिसते, आणि मीही तिकिटांचे दर बघायला लागलो होतो.

तेवढ्यात आमच्या विवाह नोंदणीचा दाखला हातात आला. नोंदणी बायकोच्या माहेरच्या बाजूला झाली होती. गावाचं नाव राहू दे. मराठी बाजू बिनचूक, शिक्का ठसठशीत, आणि इंग्रजी बाजूला माझ्या वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्तीचा. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आहे, त्यामुळे दाखल्यावरचा नवरा आणि अर्ज करणारा नवरा एका अक्षराने वेगळे झाले. एनव्हीसीने, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकन व्हिसा केंद्राने, ते कदाचित चालवूनही घेतलं असतं. पण त्या ‘कदाचित’च्या भरवशावर एवढी मोठी फाइल सोडायला माझं मन धजेना.

दुरुस्तीला बायको एकटी गेली. खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “मिस्टरांना घेऊन या. लग्न दोघांनी केलंय, सही दोघांची पायजे, माझ्यासमोर.” मग आम्ही दोघं गेलो. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन. एकदा सगळं जुळून आलं तर साक्षीदाराच्या आधारची झेरॉक्स पुसट निघाली, म्हणून साक्षीदारालाच बोलवायला सांगितलं. साक्षीदार म्हणजे बायकोचे मामा. ते उन्हातान्हात एसटीने आले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले. शेवटी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तो ‘ए’ एकदाचा गेला. दर वेळी नवरा समोर उभा लागला तो लागलाच. मी तिकडे असतो तर त्या एका अक्षरासाठी विमानाने यावं लागलं असतं, नाहीतर मुखत्यारपत्र करून ते कार्यालय मान्य करतं का, याची वाट बघत बसावं लागलं असतं. तिकिटांचे दर बघणं मी तिथेच थांबवलं.

हे प्रकरण माझ्यापुरतंच असेल, कुणाचा दाखला पहिल्या झटक्यात बरोबर येतही असेल. पण आपल्याकडे मुलीच्या कागदांवर शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक नाव, आधारवर दुसरं आणि रेशन कार्डावर तिसरं, हे काही नवीन नाही. माझा एक मित्र पुढे गेला, टेक्सासला. पोलीस क्लिअरन्सच्या पडताळणीला हवालदार सासरच्या पत्त्यावर आला तेव्हा वहिनी माहेरी, आणि सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं, “ती इथं नसते.” ते निस्तरताना मित्राचे जे हाल झाले ते वेगळेच, इथली कचेरी अकराला उघडते तेव्हा तिकडे मध्यरात्र असते.

आता इथे राहण्याची किंमत. ती म्हणजे डोमिसाइल, आणि इथे बरेच जण गाफील राहतात. जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा दुसरा माणूस, मिळाला की सुटलो, असं नसतं. जॉइंट स्पॉन्सर उत्पन्नाची तूट भरून काढतो. तुमचं डोमिसाइल तुम्हालाच दाखवावं लागतं. परत जाण्याचा इरादा खरा आहे आणि बायकोच्या आधी किंवा तिच्याबरोबरच तुम्ही तिथे राहायला जाणार आहात, हे कागदांनी सिद्ध करायचं. मी चालू असलेलं जुनं बँक खातं, मतदार नोंदणी, नोकरीच्या अर्जांचा पत्रव्यवहार आणि न्यू जर्सीच्या मामेभावाचं “हे दोघं सुरुवातीला माझ्याकडे राहतील” असं पत्र लावलं. पुढे काय करणार हे तारखांसह लिहिलेलं स्वतःचं एक पानी निवेदनही जोडलं. आमचं तेवढ्यावर भागलं. ज्याची तिकडची सगळी खाती बंद झालीत, त्याला हे जड जाईल असं वाटतं.

उत्पन्नाचंही तसंच. सोलापुरातला पगार तिकडे गेल्यावर थांबणार असेल तर तो धरत नाहीत. अमेरिकन कंपनीचं घरून काम असेल आणि तेच पुढे चालू राहणार असेल तर धरतात. नाहीतर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट किंमतीची मालमत्ता लागते आणि वर्षभरात तिचे पैसे करता यायला हवेत. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं मूल्यांकन करून आणण्याचा विचार मीही केला होता, पण भाऊ जॉइंट स्पॉन्सर व्हायला तयार झाला आणि तो खटाटोप वाचला. टॅक्स रिटर्न मात्र इथे राहूनही दरवर्षी भरलेले हवेत, आणि लग्नानंतरच्या वर्षाचं ‘सिंगल’ म्हणून भरलेलं नको.

नातं खरं आहे हे दाखवायला एकत्र राहण्यासारखा पुरावा नाही. एका पत्त्यावरची दोघांची कागदपत्रं, जॉइंट खातं, गड्ड्याच्या यात्रेतले घरच्यांसोबतचे फोटो हे सगळं आपोआप साठत जातं. पुढे गेलेल्याला व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणि विमानाची तिकिटं जपून ठेवावी लागतात. चालतात तीही.

मुंबईचं दोन्हीकडे सारखंच. मेडिकल आधी उरकायची, मग बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. मुलाखतीला स्पॉन्सरने हजर राहायची सक्ती नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी उतरून थेट मुलाखतीला जायचा धाडसीपणा करू नका, आदल्या दिवशीच पोचा.

घाई नसेल तर इथे थांबण्याचा आणखी एक छोटा फायदा सांगून ठेवतो. बायको अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली असतील तर पहिलंच ग्रीन कार्ड दहा वर्षांचं मिळतं. नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं आणि मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत पुन्हा आय-७५१ ची, म्हणजे त्या अटी काढून घेण्याच्या अर्जाची, उस्तवार. दोन वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले असतील आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर प्रवास तेवढा पुढे ढकलता येतो.

हातात तिकडची पक्की नोकरी असेल, रुजू होण्याची तारीख ठरलेली असेल आणि बायकोचे सगळे कागद आधीच एका नावाचे असतील, तर पुढे जाणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त जाण्यापूर्वी विवाह दाखला, जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक नाव इंग्रजीत एकेक अक्षर लावून वाचा. इथे थांबणार असाल तर व्हिसा हातात आल्यावर दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. स्पॉन्सरच्या आधी बायको एकटी विमानतळावर उतरली तर डोमिसाइलसाठी लिहून दिलेलं सगळं खोटं ठरायला वेळ लागत नाही.