बिनबिलाचा बॅकअप

मी इचलकरंजीत करसल्लागार आहे. ग्राहक बहुतेक यंत्रमागवाले, दोन सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावणारे कारखाने, थोडे सुताचे व्यापारी. दिवसातून निदान चारदा मी समोरच्याला सांगते, "पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर माल उचलू नका." हे आधीच सांगून टाकते, कारण मी स्वतः साडेसहा हजारांची वस्तू रोखीने, बिनबिलाची घेतली. का, तर अठरा टक्के वाचतात म्हणून. म्हणजे 1,170 रुपये. माझी जीएसटी नोंदणी असल्यामुळे तेही मला क्रेडिटमध्ये, म्हणजे भरायच्या करातून वजा होऊन, परत मिळालेच असते. हसून घ्या.

ऑफिसात पाच कॉम्प्युटर. मधल्या खोलीतल्या मशीनवर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा, बाकीचे चार लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या केबलच्या जाळ्यावरून, त्याला जोडलेले. हे सगळं बघायला 2021 साली एक हार्डवेअरवाला वार्षिक कराराने ठरवला. वर्षाला 9,000, पार्टचे पैसे वेगळे. नाव लिहीत नाही, तो अजून गावातच आहे. बोलायला गोड. फोन केला की अर्ध्या तासात हजर, चपला दाराबाहेर, कळकटलेली बॅग टेबलाखाली आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "काय टेन्शन घेऊ नका मॅडम, मी हाय की."

जानेवारी 2022 मध्ये केबिनमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून त्याने एक जादा राउटर बसवला. तिथून लॅनला साडेसाती लागली. सकाळी पाचांपैकी तीन मशीन चालायच्या, दोनांवर ना इंटरनेट ना टॅली. रीस्टार्ट केलं की कधी चालायचं, कधी पहिली चालू होऊन तिसरी बंद पडायची. जीएसटी रिटर्नच्या 20 तारखेच्या आधीचे दोन दिवस तर ऑफिसात देवाचं नाव घेत काम चालायचं. तो यायचा, केबिनमधला राउटर बंद करायचा, सगळ्या मशीन एकेक करून चालू करायचा, मग राउटर लावायचा, आणि सगळं सुरळीत. आम्हाला जादूच वाटायची. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या दीड वर्षात त्याने स्विच, म्हणजे सगळ्या केबल जोडायची पेटी, बदलला (2,200), पूर्ण ऑफिसची केबल बदलली, 'कॅट सिक्स आहे मॅडम' म्हणून (4,800), दोन लॅन कार्ड घातली आणि एकदा व्हायरस काढला. एकाचंही बिल नाही.

खरं कारण मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, म्हणजे कुणाचा तरी स्विचचा खर्च वाचेल. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता वाटतो, त्या कामाला डीएचसीपी म्हणतात. ऑफिसात हे काम एकानेच करायचं असतं. आमच्याकडे दोघे करत होते. ज्या मशीनला बाहेरच्या राउटरने पत्ता दिला ती चालायची. जिला केबिनमधल्याने दिला ती अडकायची, कारण त्याच्या मागे इंटरनेटची लाइनच नव्हती. पत्त्यांची मालिकाही वेगळी, त्यामुळे टॅलीचं मशीन तिला दिसायचंच नाही. आधी कोण उत्तर देईल तो खेळ. जादूचं गुपितही तेच: केबिनमधला राउटर बंद असताना मशीन चालू केल्या की सगळ्यांना बरोबर पत्ते मिळायचे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करायचं आणि त्याला पहिल्याच्या मालिकेतला एक मोकळा, कायमचा पत्ता द्यायचा, एवढाच इलाज. इंटरनेट कंपनीच्या लाइनमनने तो दहा मिनिटांत केला, वर चहाही नको म्हणाला.

घरी बघायचं असेल तर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून इंग्रजीत आयपीकॉन्फिग (ipconfig) सलग टाइप करा. चालणाऱ्या आणि अडलेल्या मशीनवर 'डिफॉल्ट गेटवे'समोरचे आकडे वेगळे दिसले तर घरात दोन कारभारी आहेत. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर मशीनला कुणीच पत्ता दिलेला नाही, तिने स्वतःच लावून घेतलाय. तेव्हा आधी केबल आणि राउटर बघायचे. आणि केबल घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा. तांबं आतपर्यंत लालच निघतं. आमची आतून पांढरी निघाली, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दागिन्यांत खोट ओळखणारी मी, पण तारेला कधी नख लावलं नव्हतं.

हार्डवेअरवाल्याने हे मुद्दाम केलं की त्यालाच कळत नव्हतं, यावर माझं आणि आमच्या ऑफिसातल्या मावशींचं आजही एकमत नाही. राउटरच्या बाबतीत मी त्याला अडाणीपणाचा फायदा देते. पुढच्या बाबतीत नाही.

जून 2022 मध्ये तो म्हणाला, "मॅडम, बॅकअप पेन ड्राइव्हवर घेताय, हे बरं नव्हं. दोन टीबीची एसएसडी देतो. बाजारात तेरा हजार, तुम्हाला साडेसहा. फक्त बिल नको म्हणा." एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. छोटीशी, काळी, हाताला जड लागणारी डबी. कॉम्प्युटरला लावली की दोन टीबी दाखवत होती. त्याने टॅलीची झिप, म्हणजे सगळा डेटा दाबून बसवलेली एक फाइल, त्यावर टाकली, माझ्यासमोर उघडून दाखवली. मीही दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली. झाली खात्री. मग रात्रीतून स्कॅन केलेली बिलं गेली, 170 जीबीच्या आसपास. आणि रोज रात्री आठला तारखेच्या नावाची नवी झिप आपोआप पडेल अशी सोय. सकाळी स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'बॅकअप सक्सेसफुल'. सोळा महिने मी ती हिरवी अक्षरं बघून चहा पीत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपन्यांना हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक झालं, तेव्हा माझ्या दोन प्रायव्हेट लिमिटेड ग्राहकांना मी याच विषयावर तासभर झापलं होतं.

17 ऑक्टोबर 2023, नवरात्राची तिसरी माळ. सप्टेंबरच्या रिटर्नला तीन दिवस होते. मधल्या मशीनच्या हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला. तो आला आणि "डिस्क चेक लावतो" म्हणून दुरुस्तीची कमांड चालवली. तीन तास चालली, मध्येच मशीन लटकली, मग डिस्क दिसायचीच बंद झाली. आवाज करणाऱ्या डिस्कवर हे करायचं नसतं. वीज काढायची आणि हात लावायचा नाही. हेसुद्धा मला नंतर कळलं.

मी म्हटलं, असू दे, बॅकअप आहे.

काळी डबी नव्या मशीनला लावली. फोल्डर आहे, फायली आहेत, नावं बरोबर, तारखा बरोबर, आकारही बरोबर. उघडायला गेलं की करप्ट. कालची, परवाची, गेल्या मार्चची, सगळ्या करप्ट. एकच उघडली, ती पहिल्या दिवशीची, जिच्याकडे बघून मी खात्री करून घेतली होती.

तो गप्प उभा होता. मग म्हणाला, "मॅडम, मेन डिस्कचाच डेटा काढू. मुंबईला माझ्या ओळखीची लॅब हाय. बारा हजार ॲडव्हान्स लागंल." दिले. त्याने बायकोच्या खात्याचा क्यूआर दाखवला, त्यावर पाठवले. डिस्क मी माझ्या हाताने पाकिटात घातली, डिंकाने चिकटवली, आणि झाकणाच्या जोडावर ऑफिसचा रबरी शिक्का मारून आडवी सही केली. असेसमेंटची कागदपत्रं पाठवताना हात आपोआप तसा वळतो, संशय वगैरे काही नव्हता.

दिवाळी झाल्यावर तो पाकीट घेऊन आला. "लय प्रयत्न केला त्यांनी, डिस्क खोलली, पण प्लेटच खराब हाय. ॲडव्हान्स परत मिळत नाय." मी पाकीट हातात घेतलं. शिक्का तसाच. निळी शाई जोडावरून सलग गेलेली, सही कुठे तुटलेली नाही. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं आणि काहीच बोलले नाही. तो शिक्क्याकडे बघत राहिला, मग "गाडी रस्त्यात लावलीय" म्हणून खाली गेला. त्या दिवसापासून फोन बंद.

डिस्क मी स्वतः पुण्याला एका लॅबमध्ये नेली. काळी डबीही सोबत घेतली. तिथल्या माणसाने आधी डबी उघडली. आत एसएसडी नव्हती. मोबाइलमध्ये घालतो तसलं 64 जीबीचं मेमरी कार्ड गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि वजनासाठी लोखंडाचा तुकडा. कार्डाच्या सर्किटला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, की मी दोन टीबी आहे. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. खरी जागा भरली की पुढचं लिहिणं जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं, पण 'लिहिलं' असं उत्तर येत राहतं. फायलींच्या नावांची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून सगळं जागेवर दिसतं. आमची खरी जागा पहिल्याच रात्री स्कॅननी भरली होती. लॅबच्या माणसाने मला एच2टेस्टडब्ल्यू (h2testw) नावाचा छोटा फुकटचा प्रोग्रॅम दाखवला. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. मोठ्या ड्राइव्हला दीड-दोन दिवस लागतात. लागू द्यात. ड्राइव्ह रिकामा असताना, नवा आणल्या आणल्याच करायचं, बदलून घ्यायची मुदत असते तोवर.

हिरव्या अक्षरांचं कोडंही सुटलं. हार्डवेअरवाल्याने लावलेली बॅच फाइल, म्हणजे रोज आपोआप चालणारी आज्ञांची यादी, मी नोटपॅडमध्ये उघडली. चार ओळी. तिसरीत कॉपी, चौथीत 'बॅकअप सक्सेसफुल' छापण्याची आज्ञा. कॉपी झाली की नाही हे कुणी विचारतच नव्हतं. डबी काढून मी ती फाइल चालवून पाहिली. तरी हिरवंच.

डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, बदलून पुण्याच्या लॅबने साधारण साठ टक्के डेटा दिला. 28,000 अधिक जीएसटी, बिलासह. उरलेलं जीएसटी पोर्टलवरची भरलेली रिटर्न, बँकेची स्टेटमेंट आणि ग्राहकांकडच्या फायली यांवरून आम्ही परत टाइप केलं. वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचा असतो, त्यामुळे 'जाऊ दे' म्हणता येत नव्हतं. ऑफिसातल्या दोन मुलींना फेब्रुवारीपर्यंत जादा पगार दिला. एका सायझिंगवाल्या काकांनी आपल्या जुन्या वह्या टेम्पोत घालून पाठवल्या. वर चिठ्ठी: "मॅडम, आमचा बॅकअप."

तक्रारीचं विचारायला वकिलांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बिल आहे?" ग्राहक म्हणून दाद मागता आली असती, वस्तू धंद्यासाठी घेतली तरी स्वतःच्या पोटापाण्याच्या व्यवसायाला कायद्यात सवलत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबरही आहे. पण डबी त्यानेच विकली हे दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटा नव्हता. होता तो बारा हजारांच्या पेमेंटचा पुरावा आणि शिक्क्याचं पाकीट. त्या दोघांच्या जोरावर नोटीस गेली, आणि तीन हप्त्यांत नऊ हजार परत आले. डबीबद्दल त्याचं म्हणणं, "मलाबी फसवलंय मॅडम, मी तशीच आणली." असेलही. न उघडलेल्या पाकिटाबद्दल मात्र त्याने कधी काही म्हटलं नाही.

आता दोन डिस्क आहेत, बिलाच्या, आलटूनपालटून. एक ऑफिसात, एक माझ्या घरी कपाटात, आणि टॅलीचा डेटा तेवढा क्लाउडवरही जातो. शनिवारी दुपारी वर्दळ कमी असते. तेव्हा मावशी डोळे मिटून ग्राहकांच्या यादीवर बोट ठेवतात. ज्याचं नाव येईल त्याची फाइल बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर उतरवायची आणि एक व्हाउचर उघडून आकडा वाचायचा. हे सुरू केल्यावर तिसऱ्याच आठवड्यात एक फाइल उघडेना. पासवर्ड विसरला होता. तो आता वहीत आहे.

परवा बोट काकांच्या सायझिंगवर पडलं. 2019-20 ची कंपनी, म्हणजे टॅलीतली त्या वर्षाची हिशेबाची फाइल, उघडली, खळीच्या पावडरीचं एक बिल निघालं, 14,160 रुपये. मावशींनी मोठ्याने वाचलं आणि यादीवर टिकमार्क केला.