तळघरातील संप पंप: बदलल्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

तळघरातील खड्ड्यात झिरपून साचणारे पाणी बाहेर उपसणाऱ्या आमच्या जुन्या संप पंपाची मोटर शेवटपर्यंत शाबूत होती. दगा दिला तो फ्लोट स्विचने, म्हणजे पाण्यासोबत तरंगत वर येऊन पंप चालू करणाऱ्या स्विचने. वायरीला लोंबणारा त्याचा फ्लोट अरुंद खड्ड्याच्या भिंतीला अडकून बसत असे आणि पाणी काठापर्यंत चढले तरी पंप सुरू होत नसे. त्यामुळे नवा पंप निवडताना अश्वशक्तीपेक्षा फ्लोटकडे अधिक लक्ष दिले आणि उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा फ्लोट असलेला, एक तृतीयांश अश्वशक्तीचा सबमर्सिबल पंप बसवला. पावसाच्या दिवसांत तो एकदाही अडकला नाही.

मोठा पंप घ्यावा, असा सल्ला सर्रास मिळतो. परंतु लहान खड्ड्यात असा पंप क्षणार्धात पाणी उपसून थांबतो, पुन्हा चालू होतो, आणि या सततच्या चालू-बंदमुळे मोटर व स्विच दोन्ही लवकर झिजतात. खोक्यावर ठळक छापलेला प्रवाहाचा आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो; पाणी तीन मीटर चढवायचे असेल, तर तक्त्यातील तेवढ्या हेडसमोरचा (म्हणजे पाणी चढवण्याच्या उंचीसमोरचा) आकडाच विचारात घ्यावा.

पंपासोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही बदलला, कारण तो गळत असेल तर उभ्या पाइपातील पाणी परत खड्ड्यात येते आणि पंप तेच पाणी पुनःपुन्हा उपसत राहतो. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील पाइपाला सुमारे तीन मिलिमीटरचे छिद्र ठेवावे लागते. पंप चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी खड्ड्यात उडते. ती गळती नव्हे, अडकलेली हवा बाहेर पडण्याची ती वाट आहे. हे छिद्र नसेल, तर हवा अडकून मोटर नुसती घरघरत राहू शकते आणि पाणी मात्र चढत नाही.

देखभाल फारशी नाही, पण टाळण्याजोगीही नाही. प्लग काढून, वायरीला नव्हे तर मुठीला बांधलेल्या दोरीला धरून पंप वर घेतला, तेव्हा तळाच्या जाळीत गाळ, केस आणि लोहजिवाणूंचा तांबूस चिकट थर साचलेला होता. तो थर फ्लोटच्या दांडीवरही चढतो, म्हणून दांडी पुसून घ्यावी आणि नंतर बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप चालू व बंद होतो का, ते पाहावे.

तक्रार एवढीच की पंप थांबताना व्हॉल्व्ह धाडकन आपटतो आणि रात्री तो आवाज वरच्या खोलीत ऐकू येतो. वीज गेल्यावर मात्र हा पंप निरुपयोगीच. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जोडणे अजून बाकी आहे.