ठाणे खाडीतली पक्ष्यांची बोट: पैसे वसूल, पण भरती बघून जा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी भांडुपहून बोट घेतली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जात असाल तर ऑक्टोबरात जाऊ नका. त्यांचे मोठे थवे डिसेंबरनंतरच. मी गेले ते नुकत्याच उतरलेल्या पाहुण्यांसाठी.

नाव सांगत नाही, पण बोटवाले चाळीस मिनिटं उशिरा आले आणि तोवर ओहोटी लागली. यात वेळच सगळं असतं. भरती चढताना चिखल आक्रसतो, पक्षी काठाकडे सरकतात. पाणी उतरलं की ते दूर पांगतात आणि बोटही रुतायची भीती. भरतीचं वेळापत्रक विचारलं तर "मॅडम, पक्षी कुठे जातायत?" जातात हो!

तरी जे दिसलं ते फुकट नाही गेलं. चिखलात चरणारे काळ्या शेपटीचे पाणटिवळे, शेकाटे आणि एक टेरेक तुतवार. चोच वर वळलेली, पाय पिवळट नारिंगी. मान खाली घालून खेकड्यामागे धावला, पकडला, आणि चक्क पाण्याच्या कडेला नेऊन धुऊन खाल्ला. आमच्या सासूबाईंना हा पक्षी आवडला असता.

नावाडीदादा मात्र सोनं. इंजिन बंद करून बांबूने ढकलत नेलं, एकही पक्षी उडाला नाही.

भाड्याची दुर्बीण घेऊ नका, माझ्या वाट्याला आलेलीच्या आत बुरशी होती. स्वतःची ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) न्या. टोपी, पाणी, आणि बोटीवर चढायच्या आधी स्वच्छतागृह. खाडीत सोय नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा नावाड्याचा.