कोलीन कुठून घ्यायचं: अंडं, कडधान्यं की कॅप्सूल?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' लिहून आलं, किंवा घरात कुणाला दिवस गेले, की कोलीन या जीवनसत्त्वासारख्या पोषकद्रव्याचा विषय निघतो. त्यापाठोपाठ केमिस्टकडे कॅप्सूल मिळते का, याची चौकशी सुरू होते. त्याआधी थोडा हिशेब मांडून पाहा. बहुतेक घरांत हा प्रश्न स्वयंपाकघरातच सुटतो. काहींच्या बाबतीत मात्र सुटत नाही, आणि त्यांनी कॅप्सूल टाळण्यात अर्थ नाही.

आधी गरज किती ते पाहू. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1998 मध्ये ठरवलेले आकडे आजही वापरले जातात: पुरुषांना दिवसाला 550 मिलिग्रॅम, स्त्रियांना 425, गरोदरपणी 450, अंगावर पाजत असताना 550. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये प्रौढांसाठी 400, गरोदरपणी 480 आणि पाजताना 520 असे आकडे दिले. हे 'पुरेसं' मानलेलं प्रमाण आहे, त्याखाली गेलं की आजार असा त्याचा अर्थ नाही. रोज 380 पोटात जात असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. महिनोन् महिने 200 च्या आसपास असेल तर ताट बदलायला हवं.

कमी पडलं तर पहिला फटका यकृताला बसतो. यकृत तिथली चरबी पुड्या बांधून रक्तात सोडतं आणि त्या पुड्यांच्या आवरणाला कोलीनपासून बनणारं फॉस्फॅटिडिलकोलीन लागतं. ते नसेल तर चरबी जागीच साचते. निरोगी माणसांना मुद्दाम कोलीन नसलेला आहार दिला, तेव्हा अनेकांच्या यकृतात चरबी साचली किंवा स्नायूंना इजा झाल्याचं रक्ततपासणीत दिसलं, आणि कोलीन सुरू केल्यावर ते भरूनही आलं. पण याचा उलटा अर्थ काढू नका. आपल्याकडचं बहुतांश फॅटी लिव्हर पोटाचा घेर, मधुमेह, बैठं काम आणि दारू यांतून येतं. ते कोलीनच्या कॅप्सूलने उतरत नाही.

शरीर थोडं कोलीन स्वतःही बनवतं. त्या कामाला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक चालना देतं. म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रियांचं थोड्यात भागतं, पाळी गेल्यावर तसं भागत नाही. पुरुषांना ही सवलत मुळातच कमी.

आता अंडं. कवच काढून 50 ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात सुमारे 147 मिलिग्रॅम कोलीन असतं. आपल्या बाजारातली अंडी बऱ्याचदा याहून लहान असतात, तेव्हा 120 ते 130 धरा. दोन अंडी म्हणजे अडीचशेच्या आसपास, आणि पोळी-भाजी-आमटी-दुधातून उरलेलं दीडशे-दोनशे येतंच. इतक्या कमी पैशांत इतकं कोलीन दुसऱ्या कशात क्वचितच मिळतं. अट एकच, बलक खायचा. सगळं कोलीन बलकात असतं, पांढऱ्यात जवळजवळ शून्य. जिममधून येऊन सहा अंड्यांचे बलक टाकून देणारा माणूस प्रथिनं मिळवतो आणि सात-आठशे मिलिग्रॅम कोलीन कचऱ्यात टाकतो. एका बलकात साधारण 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. बहुतेकांना रोज एक-दोन अंडी चालतात. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खूप वाढलेलं असेल, घराण्यातच जास्त कोलेस्टेरॉल असेल किंवा मधुमेहासोबत हृदयविकार असेल, तर किती खायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

चिकन आणि मासळी मधल्या फळीत येतात, शिजवलेल्या 100 ग्रॅममागे साधारण 65 ते 90. कोंबडीची कलेजी तीनशेच्या घरात जाते, पण तिच्यात अ जीवनसत्त्वही प्रचंड असतं. म्हणून गरोदरपणात कोलीनसाठी कलेजीवर भर देऊ नये.

शाकाहारी ताटात नेमकं गणित लागतं. कोरड्या सोयाबीनमध्ये 100 ग्रॅममागे सुमारे 116, आणि मूग, मसूर, हरभरा यांत 95 ते 100. पण ही कोरड्या दाण्याची मापं आहेत. शिजून पाणी प्यायलेल्या मुगाच्या 100 ग्रॅममध्ये 30 च्या आसपासच उरतं, आणि इथेच लोकांची बेरीज चुकते. अर्धा लिटर दूध-दही 80 देतं, चार-पाच पोळ्या (सव्वाशे-दीडशे ग्रॅम कणीक) 40 ते 45, दीडशे ग्रॅम फ्लॉवर 60, कोरडी 60 ग्रॅम डाळ-कडधान्यं 60, मूठभर शेंगदाणे 15, आणि कोरडं 50 ग्रॅम सोयाबीन नीट शिजवून किंवा भाजून खाल्लं तर आणखी 60. सगळं जमलं तर बेरीज 320 च्या आसपास जाते. सोयाबीन, फ्लॉवर आणि दुसरा कप दूध गाळलं, की तीच दोनशेच्या खाली येते. चहा, वडापाव, बटाट्याची भाजी आणि रात्री खिचडी असा दिवस गेला, तर तेवढंही होत नाही.

पनीरवर भिस्त ठेवू नका, त्यात कोलीन बेताचंच. संध्याकाळच्या लोकलआधी काही तोंडात टाकायचं असेल तर शेंगदाण्यांपेक्षा फुटाणे घ्या. हरभऱ्यात शेंगदाण्याच्या जवळपास दुप्पट असतं. फ्लॉवर उकळून पाणी ओतून देऊ नका, कोलीनचा काही भाग पाण्यात उतरतो. वाफेवर किंवा कढईत झाकण ठेवून करा. सोयाबीन रात्रभर भिजवून कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कच्चट राहिलं तर पोट बिघडतं आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

कॅप्सूल कुणी घ्यावी? अंडं-मासळी न खाणाऱ्या गरोदर आणि स्तनदा स्त्रियांचा विचार सगळ्यात आधी. बाळाच्या मेंदूसाठी आईच्या रक्तातून कोलीन खेचलं जातं, आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, कोलीन नसतं. खासगी प्रसूतिपूर्व गोळ्यांतही बऱ्याचदा नसतं किंवा नावापुरतं असतं. दूधही न घेणारे वीगन, आणि चातुर्मासापलीकडेही अंडं सोडलेले, पाळी गेलेल्या स्त्रियांसकट, दुसऱ्या क्रमांकावर.

काउंटरवर बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. 'कोलीन बायटार्ट्रेट 500 मिग्रॅ' लिहिलं असेल तर त्यात कोलीन फक्त 41 टक्के, म्हणजे सुमारे 205. सिटिकोलीनच्या 500 च्या गोळीत शंभरच्या आसपास. ते पक्षाघातानंतर डॉक्टर लिहून देतात, रोजची गरज भागवायला महाग पडतं. सोयाबीनपासून काढलेल्या लेसिथिनच्या दाण्यांत तीनेक टक्केच कोलीन निघतं, म्हणून मोठा चमचाभर खाऊन दोनशेच्या आसपास. तोंड आल्यावर लावायच्या जेलमधलं कोलीन सॅलिसिलेट हे वेदनाशामक औषध आहे, त्याचा इथे संबंध नाही. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी 'कोलीन क्लोराइड 60 टक्के' पावडर कोंबडीखाद्यासाठी असते, ती माणसाने घ्यायची नाही.

सुरुवात 200-250 पासून, जेवणाबरोबर. मोठा डोस एका वेळी घेतला तर आतड्यातले जीवाणू न शोषलेल्या कोलीनचं ट्रायमिथिलअमाइन बनवतात आणि घामाला मासळीचा वास येतो. यकृत त्याचं टीएमएओ हे संयुग करतं, ज्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला जातो. सुट्या कोलीनच्या गोळीने टीएमएओ वाढतं तसं ते अंड्याने वाढत नाही. दोन्ही पर्याय खुले असतील तर अंडं निवडायचं ते याचमुळे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी स्वतःहून गोळी सुरू करू नये. वरची मर्यादा दिवसाला 3500 मिलिग्रॅम. त्यापुढे रक्तदाब उतरणं, घाम, लाळ, उलट्या.

रक्तातलं कोलीन मोजून घ्यायची घाई नको. उपासातसुद्धा ती पातळी फारशी खाली येत नाही, त्यामुळे कमतरता त्यातून नीट कळत नाही. तेच पैसे बी-12 आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) यांच्या तपासणीला लावा. बी-12 कमी असलं की शरीर होमोसिस्टीन खाली आणायला कोलीनच जास्त वापरतं, आणि शाकाहारी घरांत कमी बी-12 आणि वाढलेलं होमोसिस्टीन ही जोडी नेहमी एकत्र सापडते.

कॅप्सूल घेतलीच तर जूनआधी मोठी बाटली आणू नका. बायटार्ट्रेट ओल ओढून घेतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर कॅप्सूल चिकटतात. आतली शोषक पुडी फेकू नका आणि बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवू नका. गोळे झाले असतील किंवा कुजक्या मासळीचा उग्र वास येत असेल, तर टाकून द्या.