ऊस सहकारीला घालू का खासगीला?

करवीरातला मावसभाऊ विचारतोय, दादा ऊस कुठल्या साखर कारखान्याला घालू, सहकारी का खासगी. भावा, दराचं म्हणशील तर एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, दोघांनाही केंद्राचीच, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेला) टनाला ३५५० आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, पैसे कायद्यानं १४ दिवसांत. मग फरक कुठं? खासगीत नफा मालकाचा, डिस्टिलरी काढायची का कर्ज घ्यायचं ते तोच ठरवणार, तुला विचारतंय कोण. सहकारीत शेअर कितीबी असूदेत, सभासदाला एकच मत, म्हणजे कारखान्याचं प्लॅनिंग कागदावर तरी आपल्या हातात. कागदावर म्हणतोय कारण मागच्या सभेला मी ताळेबंदावर प्रश्न विचारायला उठलो तर पुढच्या रांगेतनं मंजूर मंजूर सुरू झालं, माईक येस्तोवर सभा संपली पण. तरी पाच वर्षांनी संचालक दारात येतोय, मालक येत नाही. ऊसतोड? तोडणी टोळीची खुशाली, म्हणजे वरचे पैसे, दोन्हीकडं, उसाला तुरा येस्तोवर चिटबॉयला (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) फोन पण दोन्हीकडं.

खंडाचं रान असंल, नुसतं वेळेत रोख पायजे तर जो आधी तोड देईल त्याला घाल. स्वतःचं रान, शेअर, आणि सभेत तोंड उघडायची तयारी असंल तर सहकारी. अहवाल मात्र आधी वाचून जा.