२३५ सांगून २१६ गळ्यात मारलं

मी टेक्सासला असतो, माझ्याकडे १९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप आहे, मूळच्या २१६ घनइंची इंजिनची. वाईट नाही ते, पण कनेक्टिंग रॉडला ओतीव बॅबिट (मऊ धातू) बेअरिंग, तेल तळाच्या पॅनमधून उडवून मिळतं, हायवेला जीव टांगणीला. म्हणून १९५४ चं २३५ घनइंची शोधत होतो, बदलता येणाऱ्या शेल बेअरिंगचं, सगळीकडे पंपाच्या दाबाने तेल पोचवणारं. ओक्लाहोमाच्या एकाने 'रिबिल्ट' म्हणून २,८५० डॉलरला दिलं, ट्रेलरचे ४२० वेगळे. पैसे अ‍ॅपवरून, आगाऊ. हो, माहितीये, बोला. पण बिल दाखवलं, इंजिन नंबरचा फोटो दाखवला, अजून काय मागणार माणूस?

चीड याची येते की व्हिडिओत सगळं दिसत होतं. रॉकर कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, मधोमध दोन नट! १९५४ च्या २३५ चं कव्हर कडेच्या चार स्क्रूंनी बसतं, मला पाठ आहे. विचारलंही मी, तर म्हणे आधीच्या मालकाने जुनं कव्हर लावलंय. बरं, मग बाजूचं पुशरॉड कव्हर स्पार्क प्लगच्याही वर चढलेलं कसं? १९५४ च्या २३५ चं हेडच्या खालीच संपतं. एक कव्हर बदललं म्हणावं, दोन्ही?? तिथेच फोन आपटायला हवा होता. पण व्हिडिओ रात्रीचा, वर नवा चकचकीत रंग, कोणीही फसला असता, शहाणपणा नका शिकवू.

इथल्या मशीन शॉपने १८० घेऊन पॅन काढला. रॉडच्या कॅपला डिपर, म्हणजे तेल उडवणारे चमचे, १९५४ चं २३५ नव्हेच, २१६ निघालं. नंबरचा फोटो दुसऱ्याच ब्लॉकचा. नंबर आणि त्याच्या शेजारचा डिस्ट्रिब्युटर एकाच फ्रेममध्ये, दिवसाउजेडी मागा, आणि साच्यातला कास्टिंग नंबरही.

पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर. अहो खोटा नंबर दाखवून पैसे घेतले! तर म्हणे, इंजिन मिळालं ना तुम्हाला? दगड पाठवला असता तरी 'मिळालं ना' म्हणाले असते. त्याच्या काउंटीचे पोलीस म्हणतात तुमच्याकडे तक्रार करा, इथले म्हणतात तिकडे करा, मी मधे फोनवर संगीत ऐकत बसलोय. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवले, फ्रॉड कसला? दावा लावायचा तर त्याच्या गावी, सुट्टी, पेट्रोल, हॉटेल माझं. ऑनलाइन तक्रारीला उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे'. घ्या, घ्या.

पॅन उघडून दाखवल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. ३,४५० गेले माझे. त्याची जाहिरात अजून आहे, तेच फोटो, तेच दोन नट, फक्त आता त्याला '२६१', म्हणजे आणखी मोठं इंजिन म्हणतो आणि ३,६०० मागतो.